जपानी वसंतगीतं मुलांसोबत गाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जपानी शिकणारी घरं आता बरीच आहेत आणि तोक्योत निशि-कासाइसारख्या भागात मराठी मुलं जपानी बालवाडीत जातात. दोन्हीकडचे आईबाबा साधारण सारखेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ही गाणी त्यांच्या त्यांच्या दिवसांत आणि हातपाय हलवत गायली, तरच मुलांच्या अंगी लागतात, असं माझं ठाम मत आहे. ते पुढे ठिकठिकाणी दिसेलच.

ही लोकगीतं आहेत की शाळेतली गाणी?

दोन्ही आहेत आणि शिवाय तिसराही एक प्रकार आहे. सगळ्यात जुनी 'वाराबे-उता', म्हणजे अंगणातल्या खेळांची गाणी. ती कुणी रचली ते कुणालाच ठाऊक नाही. दुसरी 'शोऽका', मेइजी काळात (१८६८-१९१२) सरकारी शाळांसाठी तयार झालेली. त्यांचं पहिलं पुस्तक १८८१ सालचं आहे. तिसरी 'दोऽयोऽ'. शाळेतली गाणी फार कडक, उपदेशाची आणि मुलांच्या बोलण्यापासून लांबची आहेत असं वाटणाऱ्या साहित्यिकांनी ही चळवळ उभी केली. सुझुकी मिएकिचि यांनी १९१८ मध्ये 'आकाइ तोरि' (लाल पक्षी) हे मासिक काढलं आणि चांगले चांगले कवी मुलांसाठी लिहू लागले.

पालकांनी हा फरक लक्षात ठेवावा, कारण त्यावरून गाणं कसं गायचं ते ठरतं. वाराबे-उता खेळायची असते. शोऽकामध्ये डोळ्यांपुढे उभं राहणारं दृश्य असतं. दोऽयोऽमध्ये बहुतेक वेळा एखादं मूल स्वतःच बोलत असतं.

सुरुवात कुठल्या गाण्यानं करावी?

'हारु गा किता', म्हणजे 'वसंत आला'. शब्द ताकानो तात्सुयुकि यांचे, चाल ओकानो तेइइचि यांची, साल १९१०. पहिलं कडवं पूर्ण देते:

हारु गा किता, हारु गा किता, दोको नि किता?
यामा नि किता, सातो नि किता, नो नि मो किता.

वसंत आला, वसंत आला, कुठे आला? डोंगरात आला, गावात आला, माळावरही आला. दुसऱ्या कडव्यात 'आला'च्या जागी फुलं फुलतात, तिसऱ्यात पक्षी गातात, आणि डोंगर, गाव, माळ तेच राहतात. त्यामुळे पहिलं कडवं आलं की उरलेली दोन जवळजवळ फुकटात येतात. शिवाय गाण्यातच सवाल-जवाब आहे. 'दोको नि किता?' आईनं किंवा बाबांनी विचारायचं आणि उत्तर मुलानं द्यायचं. 'यामा'ला दोन्ही हात डोक्यावर जोडून डोंगर, 'सातो'ला छपराचा आकार, 'नो'ला हात सपाट पसरून माळ. लहान मुलं तेवढ्या हातवाऱ्यांवर शब्द पकडतात.

ताकानो नागानो प्रांतातले, म्हणजे बर्फाच्या मुलखातले. तिथे डोंगरावरचं बर्फ वितळताना रोज दिसतं, त्यामुळे 'कुठे आला?' हा प्रश्न तिथल्या मुलाला अगदी खरा वाटतो. पुण्यामुंबईच्या मुलाला तो खरा वाटावा यासाठी एकदा टेकडीवर नेऊन पळस-पांगारा दाखवा आणि तिथेच गा.

मूल अजून दोन वर्षांचंही नाही. त्याला काय जमेल?

'च्यूऽरिप्पु', म्हणजे ट्युलिपचं गाणं. दोन्ही तळवे मनगटाशी जुळवायचे, बोटं थोडी मिटलेली ठेवायची, झालं फूल. लाल, पांढरं, पिवळं असे रंग येतात तेव्हा फूल डावीकडे-उजवीकडे हलवायचं. चाल इतकी सोपी की पेटीवर एका बोटानं वाजते: सा रे ग, सा रे ग, प ग रे सा रे ग रे. हे गाणं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बालवाडीच्या गाण्यांच्या पुस्तकात आलं. त्यावर कवीचं नाव नव्हतं आणि लक्षावधी मुलं ते निनावीच गात राहिली. शब्द कोन्दो मियाको या बाईंचे आहेत हे तोक्योच्या उच्च न्यायालयानं १९९३ मध्ये मान्य केलं, तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. त्यांचं नाव मुलांना आवर्जून सांगावं असं मला वाटतं.

नुकतंच चालायला लागलेलं मूल असेल तर 'हारु यो कोइ' (वसंता, ये). १९२३ चं गाणं. कवी सोमा ग्योफू हे निइगाता प्रांतातल्या इतोइगावाचे. तिथे हिवाळ्यात बर्फ साचतं आणि लहान मुलांना बाहेर सोडता येत नाही. गाण्यातली मिइचान नुकती पावलं टाकू लागली आहे. लाल पट्ट्याची चप्पल घालून तिला बाहेर जायचंय आणि ती वाट बघते आहे. ही मिइचान म्हणजे कवीची मुलगीच, असं सांगतात. चपलेला 'जोजो' आणि बाहेरला 'ओन्मो' असे बाळबोलीतले शब्द आहेत, आपण 'भुर्र जायचं' म्हणतो त्या जातीचे. मोठ्यांनी ते दुरुस्त करू नयेत. चपला घालताना रोज एकदा म्हणा, महिन्याभरात मूल चपला घेऊन तुमच्याकडे येईल.

आमचा मुलगा एका जागी बसतच नाही.

मग बसवू नका. 'हिराइता हिराइता' घ्या. ही जुनी वाराबे-उता आहे आणि खेळायला तीन माणसंही पुरतात, पाच-सहा असली तर बहारच.

हिराइता, हिराइता, नान् नो हाना गा हिराइता?
रेंगे नो हाना गा हिराइता.
हिराइता तो ओमोत्तारा, इत्सु नो मा नि का त्सुबोन्दा.

उमललं, उमललं, कुठलं फूल उमललं? रेंगेचं फूल उमललं. उमललं म्हणता म्हणता कधी मिटलं कळलंच नाही. सगळ्यांनी हात धरून गोल करायचा आणि फिरत गायचं. 'त्सुबोन्दा'ला सगळ्यांनी हळूहळू मध्ये सरकायचं, खांद्याला खांदा लागेपर्यंत. दुसऱ्या कडव्यात उलटं, मिटलेल्या फुलापासून सुरुवात आणि शेवटी 'हिराइता' म्हणत मागे सरकत हात ताणायचे. मध्ये येताना आवाज बारीक आणि बाहेर जाताना मोठा करायचा. हे सांगावं लागत नाही, गर्दी झाली की मुलं आपोआप कुजबुजतात. एक मात्र बघा: लहानग्यांचे हात मोठ्यांनी मनगटाशी धरू नयेत, बोटं धरावीत. ताणताना सुटली तरी हरकत नाही, हात दुखत नाही.

इथल्या 'रेंगे'बद्दल दोन मतं आहेत, कुणी कमळ म्हणतं, कुणी भाताच्या खाचरात वसंतात फुलणारी गुलाबी 'रेंगेसोऽ'. मुलांना मी दुसरं सांगते, कारण त्यामागची गोष्ट शेतकऱ्याच्या घरात लगेच कळते. भाताची लावणी होण्याआधी ही वनस्पती मुद्दाम वाढवतात आणि मग नांगरून जमिनीत गाडतात. आपल्याकडे ताग किंवा धैंचा गाडतात तसंच हे हिरवळीचं खत.

आणखी दोन खेळ. 'चिइसाना निवा'मध्ये छोटी बाग, मधली बाग, मोठी बाग अशा तीन फेऱ्या असतात. बोटांनी बाग आखायची, खणायची, बी टाकायचं, रोप वाढवायचं, वसंत आला की फूल. छोटं फूल 'पोक्' करून बोटाएवढं आणि मोठं फूल उडी मारून. दुसरा टाळ्यांचा, 'चात्सुमि', त्याबद्दल खाली.

'साकुरा साकुरा' ऐकताना उदास वाटतं. मुलांना आवडेल का?

उदास वाटतं ते स्वरांमुळे. गाण्याचे शब्द तर फुलं बघायला चला असं बोलावणारे आहेत. ज्यांच्या घरी पेटी किंवा तानपुरा आहे त्यांनी हा प्रयोग जरूर करावा. डो-रे-मि सुरावटीतला 'मि' तुमचा सा धरा. मग या गाण्यात येतात फक्त सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल ध. सुरुवात 'म म प, म म प' आणि शेवट 'सा रे प म रे सा'. गुणकलीचे स्वर हेच. राग वेगळा, चलन वेगळं, पण शास्त्रीय संगीत कानावर असलेल्या आजी-आजोबांना हे गाणं दोन मिनिटांत जवळचं होतं, हे मी घरोघरी पाहिलं आहे. त्या मानानं 'च्यूऽरिप्पु' भूपाच्या पाच स्वरांत आहे. जपानीत या पाच स्वरांच्या सप्तकाला 'योनानुकि' म्हणतात, म्हणजे चौथा आणि सातवा स्वर वगळलेला. मेइजी काळानंतरची कितीतरी बालगीतं त्यात बांधलेली आहेत.

'साकुरा'ची धून मुळात कोतो हे तंतुवाद्य शिकणाऱ्यांसाठीची, मेइजीच्या आधीच्या एदो काळातली. छापील स्वरूपात ती १८८८ च्या कोतोच्या पुस्तकात आली. मुलांना ती आवडते, पण घाईनं गायली तर नाही. श्वास घेऊन, सावकाश. दोनच गोष्टी करा: एकानं 'साकुरा साकुरा' हे शब्द धरून ठेवायचे आणि दुसऱ्यानं पाकळ्यांसारखे कागदाचे तुकडे वरून सोडायचे. तुकडे जमिनीवर येईपर्यंत ओळ संपली पाहिजे.

कुठलं गाणं कधी गायचं?

जपानी बालवाड्यांमध्ये दर महिन्याचं गाणं ठरलेलं असतं. ती पद्धत घरी उचलावी, कारण वर्षभर सगळं गायलं की काहीच लागत नाही.

जुन्या पंचांगाप्रमाणे वसंत सुरू होतो ४ फेब्रुवारीच्या आसपास, कडाक्याच्या थंडीत. तेव्हा 'हारु यो कोइ'. ३ मार्चला बाहुल्यांचा सण, म्हणून 'उरेशिइ हिनामात्सुरि'. मार्चमध्ये 'हारु गा किता', आणि तोक्यो-ओसाकाकडे चेरी फुलली की मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला 'साकुरा'. उत्तरेकडच्या होक्काइदोला फुलं येईपर्यंत एप्रिलअखेर उजाडते, तिथल्यांनी थांबावं. एप्रिलमध्ये शाळा सुरू होतात, तेव्हा 'इचिनेन्सेइ नि नात्तारा'. पहिलीत गेल्यावर शंभर मित्र होतील का, असं विचारणारं हे मादो मिचिओ यांचं गाणं. मादोंना १९९४ मध्ये बालसाहित्यातला आंतरराष्ट्रीय अँडरसन पुरस्कार मिळाला. पाठीवर नवं दप्तर आणि पोटात गोळा असलेल्या मुलाला हे गाणं आदल्या रात्री फार कामी येतं.

२ मेच्या आसपास 'चात्सुमि', चहाची पानं खुडण्याचं गाणं. वसंतारंभापासूनची अठ्ठ्याऐंशीवी रात्र, 'उन्हाळाही जवळ आला' असं पहिल्याच ओळीत म्हणतात. समोरासमोर बसून हात धरायचे, 'सेस्सेस्से नो योइ योइ योइ' म्हणत हलवायचे आणि मग आपली टाळी, समोरच्याचा उजवा, आपली टाळी, समोरच्याचा डावा. ओळ संपली की दोन्ही हातांनी 'तोन् तोन्'. ५ मेला, बालदिनाला, माशांच्या पताका उभारतात, म्हणून 'कोइनोबोरि'. इथे वसंत संपला.

'हारु नो ओगावा'मधला ओढा खरंच आहे का?

होता. 'हारु नो ओगावा' म्हणजे 'वसंतातला ओढा', शब्द ताकानो यांचेच. तोक्योतल्या शिबुयाजवळ, योयोगि भागात कोहोने नावाचा लहानसा ओढा वाहायचा. ताकानो त्या भागात राहत होते आणि गाण्यातला ओढा तोच, असं मानलं जातं. १९१२ मध्ये गाणं आलं तेव्हा तिथे शेतं होती. काठावर सुमिरेची जांभळी फुलं आणि रेंगे, पाण्यात कोळंबी आणि लहान मासे. पुढे शहर वाढलं, ओढ्याचं गटार झालं आणि १९६४ च्या ऑलिंपिकच्या सुमाराला तो जमिनीखाली बंद करण्यात आला. आज योयोगि-हाचिमान स्थानकाच्या बाजूला, ओदाक्यू रेल्वेच्या रुळांलगत गाण्याची शिळा उभी आहे. बाजूनं गाड्या जातात, पाणी दिसत नाही.

शब्दही तसेच राहिले नाहीत. मूळ पहिली ओळ संपायची 'सारासारा नागारु' (झुळझुळ वाहतो) अशी, जुन्या ग्रांथिक भाषेत. १९४२ मध्ये गाणं चौथीतून तिसरीच्या पुस्तकात आलं. त्या वयाची मुलं ग्रांथिक भाषा शिकलेली नसतात, म्हणून बोलीतलं 'सारासारा इकु यो' (झुळझुळ जातो) करण्यात आलं. आजही आजी एक म्हणते, नात दुसरं, आणि दोघीही बरोबर असतात. घरी तुम्ही नवंच शिकवा. बालवाडीत तेच आहे.

मुलांना हे सगळं सांगावं का? पाच-सहा वर्षांपुढच्यांना नक्की. मुळा-मुठा रोज पाहणाऱ्या मुलांना गाण्यातल्या ओढ्याचं काय झालं हे कळायलाच हवं. मला या सगळ्या गाण्यांत हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते गाऊन झाल्यावर मुलं आपल्या नदीबद्दल विचारतात.

याच्याच जोडीला 'मेदाका नो गाक्कोऽ', माशांची शाळा. कवी चाकि शिगेरु ओदावाराला मुलासोबत चालले होते. ओढ्यात मेदाकांचा थवा दिसला, मोठ्या आवाजानं तो पसार झाला. आता काही ते यायचे नाहीत, असं वडील म्हणाले, तर मुलगा म्हणाला, येतील की, ही मेदाकांची शाळा आहे! त्यावरून हे गाणं झालं, नाकादा योशिनाओ यांनी १९५१ मध्ये त्याला चाल दिली आणि रेडिओवरून ते घराघरांत गेलं. हळूच डोकावून बघ, ही ओळ दोनदा येते. दुसऱ्यांदा आवाज अगदी खाली आणा, खरोखर डोकावत असल्यासारखा. मुलं या जागेची वाट बघतात. मेदाका तीन-चार सेंटिमीटरचा मासा, खाचरात आणि पाटात सहज दिसणारा. पाट सिमेंटचे झाले, आणि १९९९ मध्ये जपान सरकारनं त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं.

'चोऽचोऽ' (फुलपाखरू) तर आम्ही व्हायोलिनच्या क्लासमध्ये वेगळ्याच नावानं ऐकलंय!

बरोबर ऐकलंय. चाल जर्मन बालगीताची आहे, आणि सुझुकी पद्धतीनं व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांना ती 'लाइटली रो' म्हणून पहिल्याच पुस्तकात भेटते. इसावा शुजि हे शिक्षणतज्ज्ञ अमेरिकेत शिकून आले. बॉस्टनचे संगीतशिक्षक मेसन १८८० मध्ये जपानला आले, आणि दोघांनी मिळून शाळांसाठी जी पहिली गाणी तयार केली त्यांत ही चाल फुलपाखराच्या जपानी शब्दांवर बसली. फुलपाखरा, मोहरीच्या पानावर बस, कंटाळलास तर चेरीवर बस. पुढच्या ओळीत सम्राटाच्या भरभराटीच्या राज्याचा उल्लेख होता. तो १९४७ मध्ये काढून 'फुलाफुलावर' असं करण्यात आलं. चाल बाहेरची म्हणून गाणं कमी जपानी ठरत नाही. चार पिढ्या ते गात आल्या आहेत.

हिनामात्सुरीच्या गाण्यात चुका आहेत म्हणे?

आहेत. साल १९३६, शब्द सातो हाचिरो यांचे. राजा-राणीच्या बाहुल्यांना त्यांनी 'ओदाइरि-सामा' आणि 'ओहिना-सामा' अशी वेगवेगळी नावं दिली. खरं तर 'दाइरिबिना' हे जोडीचं नाव आहे. ही चूक कवीला पुढे सलत राहिली, पण गाण्यामुळे आता सगळं जपान राजाला तेच म्हणतं. मुलांशी त्यावर वाद घालू नका. बाहुल्या मांडताना गा. सण झाला की त्या लगेच उचलून ठेवतात, तेव्हा गाणंही पुढच्या वर्षापर्यंत ठेवून द्या.

आमचे उच्चार नीट नाहीत. चालेल?

चालेल, आणि देवनागरीमुळे आपलं काम सोपंही आहे. आ, इ, उ, ए, ओ स्वच्छ म्हणा. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. प्रत्येक अक्षराला सारखी मात्रा द्या: 'च्यूऽ'मधली ऽ ही पूर्ण एक मात्रा आहे, 'गाक्कोऽ'मधला थांबासुद्धा एक मात्रा आणि 'नान्'मधला न्सुद्धा. आणि 'फु' म्हणताना ओठ दाताला लावू नका, फुंकर घातल्यासारखं म्हणा.

शब्द मराठीत करून गावं का?

गाणं जपानीतच गावं, गोष्ट मराठीत सांगावी. गाण्याआधी अर्ध्या मिनिटात चित्र सांगितलं की पुरतं.

मला सूर नाही.

तरीही तुम्हीच गा. मोबाइलवर लावून दिलेलं गाणं मुलं ऐकतात, तुमच्यासोबतचं गाणं गातात. आपली पट्टी खाली धरा म्हणजे घसा ताणावा लागणार नाही.

जपानमधल्या पालकांना तरी ही गाणी येतात का?

बहुतेकांना येतात, शाळेमुळे. ती टिकावीत म्हणून २००६ मध्ये तिथल्या सांस्कृतिक विभागानं आणि पालक-शिक्षक संघटनेनं पालकांनी मुलांसोबत गात पुढे न्यावीत अशी गाणी निवडली. यादीचं नाव 'शंभर गाणी', प्रत्यक्षात आहेत १०१. 'साकुरा साकुरा' आणि 'हारु नो ओगावा' त्यात आहेत.

संमेलनात गायलं किंवा व्हिडिओ टाकला तर परवानगी लागते?

घरी गायला कुणाचीच लागत नाही. जाहीर वापराचं मात्र बघावं लागतं. जपानमध्ये कवी आणि संगीतकार यांचा हक्क मृत्यूनंतर ७० वर्षं असतो. हा नियम २०१८ च्या अखेरीस लागू झाला, त्याआधी ५० वर्षं होती, आणि १९६७ पर्यंत वारलेल्यांचे हक्क तेव्हाच संपलेले होते. म्हणून ताकानो-ओकानो यांची 'हारु गा किता' आणि 'हारु नो ओगावा', सोमा ग्योफूंचं 'हारु यो कोइ', सगळ्या वाराबे-उता आणि 'साकुरा' मोकळी आहेत. 'च्यूऽरिप्पु', 'मेदाका नो गाक्कोऽ', 'उरेशिइ हिनामात्सुरि' आणि मादोंचं शंभर मित्रांचं गाणं अजून हक्काखाली आहेत. त्यांच्यासाठी जपानमधली जास्राक ही संस्था परवाने देते. मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळांचे तिच्याशी करार असतात, पण ते शब्द आणि चालीपुरते. कुणाची तयार ध्वनिफीत मागे लावली तर तिची वेगळी परवानगी लागते, म्हणून साथीला आपलीच पेटी घ्या.